सहकाराचे घर कसे बांधले जाते? : मोंड्रागॉनच्या फादरांचा धडा



ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या घरोघरी छापील अहवाल येऊ लागतात. बँकेचा अहवाल, पतपेढीचा अहवाल, हौसिंग सोसायटीचा अहवाल. सुरुवातीला चेअरमनसाहेबांचा फोटो व मनोगत, मागे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. आपल्यापैकी किती जण ते आकडे वाचतात? बहुतेक घरांत तो अहवाल टीव्हीमागे जातो आणि तेथून रद्दीत. कोणाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आमचेही तसेच झाले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत असताना तेथील एक पतपेढी बंद पडली. एका रविवारी मिस्सानंतर एक वयस्क विधवा भगिनी आम्हांला भेटायला आली. पतीच्या फंडाची सर्व रक्कम तिने त्या पतपेढीत ठेवली होती. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, "फादर, मी नुसती ठेवीदार नव्हते, सभासद होते. सभासद म्हणजे मालक ना? मग मालकाला कसं काहीच कळलं नाही?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही आमचे कपाट उघडले. त्याच पतपेढीचे तीन वर्षांचे अहवाल तेथे होते, पाकिटेही न फोडलेली. आम्हीसुद्धा सभासद होतो. शेवटच्या अहवालात थकबाकीविषयी लेखापरीक्षकाचा शेरा स्वच्छ अक्षरांत छापलेला होता.

त्या भगिनीचा प्रश्न हाच आजच्या पाठाचा विषय आहे. सहकारी संस्थेत सभासद मालक असतो म्हणजे नेमके काय? कोणत्या रचनेमुळे ती मालकी त्याच्या हातात राहते? आणि ती कशी निसटते? हे समजून घेण्यासाठी आपण स्पेन देशातील एका गावाकडे पाहू या. तेथे हे काम आमच्यासारख्याच एका धर्मगुरूंनी सुरू केले होते.

१. शाळा आधी, कारखाना नंतर

स्पेनच्या उत्तरेस डोंगराळ बास्क प्रदेशात मोंड्रागॉन नावाचे गाव आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये तेथे पंचवीस वर्षांचे एक नवे सहायक धर्मगुरू आले. त्यांचे नाव फादर होसे मारिया अरिस्मेंदियारिएता. नाव लांबलचक असल्याने आपण त्यांना फादर अरिस्मेंदी म्हणू. लहानपणीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. त्यांना बेल्जियममध्ये समाजशास्त्र शिकायला जायचे होते, परंतु बिशपांनी त्यांना या गावी पाठविले. त्यांचे प्रवचन सुरुवातीला लोकांना रटाळ वाटे, अशी आठवण सांगितली जाते. (हे वाचून आम्हांला थोडा धीर आला.)

गाव युद्धाने खचले होते. गावात एक मोठा लोखंडी मालाचा कारखाना होता. त्याची प्रशिक्षण शाळा होती, पण तिच्यात प्रवेश मोजक्याच मुलांना, मुख्यतः कामगारांच्या मुलांना मिळे. ती सर्व मुलांसाठी खुली करावी ही फादरांची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले : तुम्ही स्वतः शाळा काढाल का? आपण पैसे देऊ की श्रम, हे लोकांनी चिठ्ठीवर लिहून पेट्यांत टाकायचे. शेकडो चिठ्ठ्या जमल्या. १९४३ साली सुमारे वीस मुलांना घेऊन तंत्रशाळा सुरू झाली.

त्यानंतर तेरा वर्षे फादरांनी कोणताही कारखाना काढला नाही. ते शिकवीत राहिले. अभ्यासमंडळे चालविली, ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण समजावून दिली. शाळेतील काही मुलांनी नोकरी करीत, बाहेरून परीक्षा देत इंजिनिअरिंगचे शिक्षण पूर्ण केले. त्यांतील पाच जणांनी आधी आपल्याच कारखान्यात प्रयत्न केला : भांडवल वाढवताना कामगारांनाही भाग द्या. नकार मिळाला तेव्हा ते नोकरी सोडून बाहेर पडले. गावातील लोकांनी केवळ विश्वासावर त्यांना पैसे उसने दिले. १९५६ साली 'उल्गोर' हा कारखाना उभा राहिला. पाच जणांच्या आडनावांतील अक्षरे जोडून हे नाव बनविले होते. पहिला माल होता रॉकेलचा स्टोव्ह.

येथे थोडे थांबू या. आपल्याकडे संस्था काढायची म्हटले की आधी नोंदणी, मग इमारत, मग उद्घाटन, आणि सभासदांचे शिक्षण राहूनच जाते. फादर अरिस्मेंदींनी उलट क्रम लावला. सभासद घडल्याशिवाय सहकार घडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

२. माणूस साध्य, पैसा साधन

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक भेद शिकविला गेला : साध्य आणि साधन. माणूस हा कधीही केवळ साधन होऊ शकत नाही, कारण तो देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेला आहे. फादर अरिस्मेंदींनी जाक मारितँ आणि इमॅन्युएल मूनिए या फ्रेंच कॅथॉलिक विचारवंतांकडून हाच विचार घेतला आणि तो थेट कारखान्याच्या घटनेत उतरविला.

साध्या कंपनीत भांडवल मालक असते आणि ते माणसाला भाड्याने घेते. ज्याचे शेअर्स जास्त त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत हे उलटे होते. माणसे मालक असतात आणि ती भांडवलाला कामाला लावतात. भांडवलाला त्याचे व्याज मिळते, पण मत मिळत नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी दुकान काढले, त्यांत बरेचसे विणकर होते. एक सभासद, एक मत हा नियम तेव्हापासून सहकाराचा कणा बनला. रॉचडेलमध्ये सभासद हे ग्राहक होते, मोंड्रागॉनमध्ये कामगार आणि आपल्या पतपेढीत ठेवीदार व कर्जदार. सभासद कोण हे बदलते, कणा तोच राहतो.

३. कोण काय ठरवितो?

मोंड्रागॉनच्या सहकारी कारखान्याची रचना घराप्रमाणे समजून घेऊ.

पाया : सर्वसाधारण सभा. प्रत्येक सभासद कामगाराला एक मत. झाडूवाल्याला एक, मुख्य इंजिनिअरलाही एकच. सभा वर्षातून किमान एकदा भरते. हिशेब मंजूर करणे, नफ्याची वाटणी ठरविणे, नियम बदलणे आणि संचालक निवडणे ही तिची कामे.

खांब : संचालक मंडळ. हे सभेने निवडलेले असते. मुदत साधारण चार वर्षांची असून दर दोन वर्षांनी निम्मे संचालक बदलतात, म्हणजे अनुभवही टिकतो आणि खुर्चीही कोणाच्या नावाची होत नाही. संचालक म्हणून वेगळा पगार नसतो. संचालक आपले नेहमीचे काम करीत राहतो.

कारभारी : व्यवस्थापक. यांना सभा निवडत नाही, संचालक मंडळ नेमते. रोजचा धंदा त्यांनी चालवायचा. ते मंडळाच्या बैठकीला बसतात, बोलतात, पण तेथे मत देत नाहीत. धंद्याचे ज्ञान एकीकडे आणि मालकाचा अधिकार दुसरीकडे, या दोन्ही गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. जेथे चेअरमन स्वतःच मॅनेजर बनतो किंवा मॅनेजर चेअरमनला नाचवितो, तेथे ही भिंत पडलेली असते.

खिडकी : सामाजिक परिषद. हा भाग आपल्याकडे सहसा आढळत नाही. प्रत्येक विभागातील कामगार आपला प्रतिनिधी निवडतात. वेतन, सुरक्षितता, कामाच्या अडचणी यांविषयी ही परिषद संचालकांशी बोलते. मालकही आपणच आणि कामगारही आपणच, मग परिषद कशाला? कारण एकाच माणसाच्या दोन भूमिका असतात. वर्षातून एकदा मत देणारा मालक रोज आठ तास यंत्रापुढे उभा असतो. त्याच्या दुखण्यालाही आवाज हवा.

राखणदार : देखरेख समिती. हिशेब व कारभार नियमांनुसार आहे की नाही हे पाहणारे थोडे सभासद. यांनाही सभाच निवडते, संचालक नेमत नाहीत. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याने राखणदार नेमू नये, एवढे साधे शहाणपण यात आहे.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले होते. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. वर सांगितलेली रचना या तत्त्वाला धरून आहे.

४. पैशाची व्यवस्था

रचना खरी की नावाची, हे पैशाच्या वाटेवर कळते.

प्रवेश भाग : नवा सभासद सर्वांत खालच्या श्रेणीच्या साधारण वर्षभराच्या वेतनाइतकी रक्कम भरतो. गरिबाला ती एकदम जमणार नाही म्हणून वेतनातून हप्त्याने कापली जाते. रक्कम मोठी आहे आणि ती मुद्दाम मोठी ठेवली आहे. दहा रुपयांचा शेअर घेणाऱ्याला मालक असल्याची आठवण राहत नाही.

वेतन : सभासदांच्या वेतनाला तेथे 'उचल' या अर्थाचा शब्द वापरतात. आपल्याकडे साखर कारखाना शेतकऱ्याला उसाची पहिली उचल देतो, तसेच हे. वर्षअखेर जे उरेल त्यातील वाटा आधी दिला, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीस सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेतनात एकास तीन एवढेच अंतर होते. पुढे ते सर्वसाधारणपणे एकास सहापर्यंत गेले.

नफा : किमान १० टक्के शिक्षण व समाजकार्यासाठी आणि किमान २० टक्के राखीव निधीत. उरलेला नफा सभासदांच्या वैयक्तिक भांडवल खात्यांत जमा होतो. तो लगेच हातात मिळत नाही. त्यावर व्याज मिळते, पण मूळ रक्कम निवृत्तीच्या वेळी किंवा संस्था सोडताना मिळते. तोटा झाला तर तोही याच खात्यांतून वजा होतो. मालकीची ही दुसरी बाजू आहे आणि ती आपण सहसा विसरतो.

५. एकटे घर वाऱ्यात पडते

१९५९ साली फादर अरिस्मेंदींनी बचत बँकेची कल्पना मांडली. तरुण सहकाऱ्यांना ती पसंत नव्हती. आम्ही कारखानदार, बँक आम्हांला काय कळणार? फादरांनी कागदपत्रांवर दोघांच्या सह्या परस्पर करून बँकेची नोंदणी उरकली, असे पुढे त्या मंडळींनीच सांगितले. हेतू चांगला असला तरी ही पद्धत अनुकरण करण्यासारखी नाही. मात्र त्या बँकेने, 'काहा लाबोराल'ने, गावोगावची बचत गोळा केली आणि तिच्यातून नवनवे सहकारी कारखाने उभे केले. सभासद हे मालक ठरल्यामुळे त्यांना सरकारी कामगार विमा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःची 'लागुन आरो' ही विमा व निवृत्तिवेतन संस्था काढली. १९६९ साली 'एरोस्की' हे ग्राहक भांडार आले. त्याच्या सभेत कामगार व ग्राहक यांचे प्रतिनिधी समसमान असतात. १९७४ मध्ये संशोधन केंद्र निघाले, १९९७ मध्ये विद्यापीठ. आज हा समूह सुमारे ८० सहकारी संस्थांचा आणि सुमारे ७० हजार लोकांना काम देणारा आहे.

या सर्व काळात फादरांनी स्वतः कारखान्याची खुर्ची घेतली नाही. ते सल्ला देत, शिकवीत आणि सायकलवरून गावात फिरत. १९७६ साली ते प्रभूघरी गेले. डिसेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'व्हेनरेबल' म्हणजे वंदनीय म्हणून घोषित केले.

६. भेगाही पाहू या

केवळ गुणगान केले तर हा पाठ अपुरा राहील.

१९७४ साली उल्गोरमध्ये संप झाला. कामाच्या श्रेणी नव्याने लावल्याने नाराजी होती. कारखाना खूप मोठा झाला होता आणि खालचा आवाज वर पोहोचत नव्हता. संपाच्या पुढाऱ्यांना काढून टाकण्यात आले व सर्वसाधारण सभेनेही तो निर्णय कायम केला. काही वर्षांनी त्यांना परत घेण्यात आले. एक मत असूनही माणूस परका होऊ शकतो, हे त्या संपाने दाखविले.

त्याहून मोठा घाव २०१३ चा. उल्गोरचाच वारसा सांगणारी 'फागोर' ही घरगुती उपकरणे बनविणारी संस्था दिवाळखोरीत गेली. २००५ साली तिने कर्ज काढून एक मोठी फ्रेंच कंपनी घेतली होती. २००८ नंतर स्पेनमध्ये घरबांधणी कोसळली आणि फ्रिज व वॉशिंग मशीनची मागणीही कोसळली. इतर सहकारी संस्थांनी अनेकदा मदत केली, शेवटी हात आखडता घेतला. सभासदांचे भांडवल बुडाले. कित्येकांनी आपल्या बचतीही संस्थेला कर्जाऊ दिल्या होत्या. त्यांच्या दारी त्या भगिनीचाच प्रश्न उभा राहिला.

एक फरक मात्र पडला. बास्क भागातील बहुसंख्य सभासदांना समूहातील इतर संस्थांत काम किंवा लवकर निवृत्ती मिळाली. पैसा वाचला नाही, पण माणसे रस्त्यावर पडली नाहीत. परदेशातील उपकंपन्यांचे कामगार मात्र सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना हे छत्र नव्हते. ही उणीव आजही चर्चेत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन मोठ्या संस्था, ओरोना व उल्मा, आपल्या सभासदांच्या मतदानाने समूहातून बाहेर पडल्या.

म्हणजे चांगल्या रचनेने वादळ टळत नाही. सभासद जागे असतील तर ते लवकर दिसते, आणि आले तर एकमेकांना धरून राहता येते.

७. आणि आपण?

आपल्या वसईला सहकार नवा नाही. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली आजच्या बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेचा पाया घातला गेला, म्हणजे मोंड्रागॉनच्या शाळेच्याही पंचवीस वर्षे आधी. सावकाराच्या दारातून बाहेर पडण्याची वाट आपल्या वाडवडिलांना सहकाराने दाखविली.

आपला कायदाही पुष्कळसा तेच सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे. एका सभासदाला एकच मत असते. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. हेही ध्यानात ठेवा : सहकारी बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे, पतपेढीतील ठेवीला हा बँक ठेव विमा लागू नाही. तेथे सभासदाचे डोळे अधिक उघडे हवेत.

पण सभेत काय घडते? गेल्या वर्षी आम्ही एका संस्थेच्या सभेला गेलो होतो. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि मग त्याच जागी, तितक्याच माणसांत पुन्हा सुरू झाली. विषय वाचले जात होते, पहिल्या रांगेतून "मंजूर, मंजूर" ऐकू येत होते. भेटवस्तूच्या कुपनासाठी बाहेर रांग होती आणि ती सभागृहातल्या हजेरीपेक्षा मोठी होती. संचालकांनी काही लपविले नाही. विचारणारेच नव्हते.

त्या विधवा भगिनीला आज उत्तर द्यायचे तर आम्ही असे देऊ : "बाई, मालकाला कळले नाही, कारण आपण सर्व मालक त्या दिवशी घरी होतो. तुम्ही होता, आम्हीही होतो." हे उत्तर तिचे पैसे परत आणणार नाही, ते आम्ही जाणतो. परंतु पुढच्या भगिनीचे वाचवू शकेल.

म्हणून या वर्षी आपल्या संस्थेचा अहवाल आला की निदान चार गोष्टी पाहा : (१) लेखापरीक्षणाचा वर्ग व शेरे, (२) थकबाकी मागील वर्षापेक्षा वाढली की घटली, (३) राखीव निधी किती, (४) संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे. समजले नाही तर सभेत उभे राहून विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. प्रामाणिक संचालकाला प्रश्नाने बळच मिळते.

ज्यांना आकडे वाचायला शिकायचे आहे, त्यांच्यासाठी या महिन्यात दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम सभागृहात एक तासाचा वर्ग घेऊ. निवृत्त बँक कर्मचारी बंधू-भगिनींनी मदतीस यावे. आपापला अहवाल सोबत आणावा. आम्हीही आमचा आणणार आहोत, या वेळी पाकीट फोडून.

ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबातील कोण कोणत्या सहकारी संस्थांचे सभासद आहे? गेल्या पाच वर्षांत आपण किती सभांना हजर होतो?

२. आपल्या संस्थेत चेअरमन, मॅनेजर आणि लेखापरीक्षक यांची कामे खरोखर वेगळी आहेत का?

३. फादर अरिस्मेंदींनी आधी शाळा काढली. आपल्या धर्मग्रामातील तरुणांना सहकार शिकविण्यासाठी आपण काय करू शकतो?

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

– आपले प्रमुख धर्मगुरू